शेजारच्या सीटचा ब्रेक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल, माझ्या पश्चात काय कोणाला जावे ते लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तो चार वर्षांचा आहे आणि डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला मूल नाही. यजमान चार वर्षांपूर्वी गेले.

१. स्कूल आणि दोन ब्रेकची शिकवणीची गाडी माझ्या मदतनीस बाईंना द्यावी. या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाई स्वतः परीक्षेत चारदा नापास झाल्या, कारण रस्त्यात कुत्रे बसलेले दिसले की ते उठेपर्यंत थांबायच्या. त्यांच्या हातून आजवर कोणाला खरचटलेलेही नाही.

२. यजमानांचा दिवाणखान्यातला मोठा फोटो धाकट्या भावाला द्यावा. त्याने तो आपल्या जेवणाच्या टेबलासमोर लावावा. लावला नाही तर त्याला काही मिळणार नाही. लावला तर तेवढेच मिळेल.

३. भावाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, याला घरात सगळे कौतुकाने 'रॉकेट' म्हणत. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा, जिन्याच्या चार पायऱ्या गाळून उतरणारा. चौतीस वर्षांत अशी पुष्कळ मुले माझ्या हाताखालून गेली. गाडी पळवणे त्यांना दोन दिवसांत येते, थांबवणे महिनोन्महिने येत नाही, आणि पिवळा दिवा दिसला की त्यांचा पाय आपसूक ॲक्सिलरेटरवर पडतो. म्हणून मी नोंदवही ठेवते. फेरीत माझा पाय ब्रेकवर किती वेळा गेला ते लिहायचे, आणि आकडा दोनच्या खाली आल्याशिवाय परीक्षेला सोडायचे नाही.

रॉकेटला सोडा म्हणून भाऊ ऑफिसात येऊन बसला.

"ताई, पोरगा तडफदार आहे गं. रस्त्यावर आला की शिकेल आपोआप."

"महिनाभर थांब," मी म्हटले.

"तुला स्वतःचं मूल असतं तर असं अडवलं नसतंस."

लायसन्स मिळाल्यावर अकराव्या दिवशी रॉकेट नवी गाडी दाखवायला आला आणि यजमानांना शेजारी बसवून घेऊन गेला. वळणावर ट्रकला ओलांडायला घुसला. त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. यजमान जागीच गेले. तेही शिकवणारेच होते. त्यांचा पाय गाडीच्या तळाशी रुतला होता, जिथे त्या गाडीत ब्रेक नव्हता. भाचा तेव्हापासून एकच सांगतो, "आत्या, मी ब्रेक दाबला होता." हल्ली फळे घेऊन येतो आणि विचारतो, "घराचं काय ठरवलंयस?"

४. तर घर त्याला द्यावे, एका अटीवर. त्याने वर्षभर रोज चार तास स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या जागी बसावे. विद्यार्थी मदतनीस बाई निवडतील आणि सर्वांत उतावळे तेवढेच त्याच्या वाट्याला देतील. शेजारी बसणे काय असते ते त्याला कळू दे. एक दिवस जरी चुकवला तरी घर बाईंचे.

५. भाचा खोटे बोलत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ब्रेक विद्यार्थ्याला जाणवणार नाही इतका हळू दाबायचा, याचा मला गर्व होता. माझ्या गाडीत त्याला थांबावेसे वाटायच्या आतच गाडी थांबलेली असे, आणि त्याला वाटे आपणच थांबवली. त्याच्या शेवटच्या फेरीला माझा पाय एकोणीस वेळा गेला. मला मूल नसल्याचे भावाचे बोलणे झोंबले, मी एकोणीस खोडून एक लिहिला आणि सही केली. ते पान आज सकाळी मी स्वतः पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली. या प्रकरणात मला कोणालाच सोडायचे नव्हते.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: ड्रायव्हिंग स्कूलची मालकीण
साक्षीदार: १. आमचे डॉक्टर २. शेजारचा पंक्चरवाला
ठिकाण: राहते घर
दिनांक: सोळा, मंगळवार