मातीत उमटलेली मूठ

पोलादपूर, ४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप राहीअक्कास,
रावजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या सूनबाईंचा, अपेक्षाचा, फोन आला होता. आईंच्या हातून सुरी निसटते, परवा पायावर पडता पडता राहिली, त्यांचं चिरणं-कापणं आता बंद करायला सांगा, म्हणाली. तू मागून ओरडत होतीस की दोष सुरीचा आहे. मी सुऱ्यांना मुठी बसवणारा माणूस, भावाच्या नात्याने दोष सुरीचाच धरतो.

सोबत शेतातली ओली माती पाठवत आहे. सुरी धरतेस तशी मूठ तिच्यावर आवळ, गोळा सावलीत वाळव आणि परत पाठव. बोटांच्या खाचा बघून शिसवाची मूठ कोरीन. मुंबईच्या हॉटेलवाल्यांना नंबर लावावा लागतो, तुला नाही.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझा रावजी


महाड, २ डिसेंबर

चिरंजीव रावजीस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले तर अपेक्षा ऐकते, म्हणून लिहिते. सुरी पोचली. पासष्टीत काय पकड आहे अक्काची, असं तू चिठ्ठीत लिहिलंस. वाचून लाज वाटली. ती पकड माझी नाही. माझी दोन बोटं गणपतीपासून मिटत नाहीत. तुला कळू नये म्हणून अपेक्षाला म्हटलं, मामांनी तुळशीसाठी माती दिली आहे, आवळून बघ चिकट आहे का. तिने आवळली, मी पाठवली.

आता सुरी तिच्या हातात अशी बसली आहे की ती खाली ठेवत नाही. मामांना माझं माप कसं कळलं, असं शेजारणींना विचारत फिरते. भाजी तीच चिरते, मी लसूण सोलते. स्वयंपाकघर हातचं जाऊ नये म्हणून सोंग केलं आणि ते मीच तिच्या हाती दिलं.

कुणाला सांगू नकोस. सुखी राहा.
तुझी अक्का


पोलादपूर, ५ डिसेंबर

तीर्थरूप अक्कास साष्टांग नमस्कार.

हसलो, खोटं कशाला सांगू. बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, चाळीस वर्सं मुठी बसवताय नि हाताचं वय नाय कळत तुमाला.

मग हसू ओसरलं. हात लपवलास तो माझ्यापासून, याचं फार वाईट वाटलं.

ती सुरी सूनबाईंकडेच राहू दे. मिटणाऱ्या हाताला मूठ कुणीही बसवेल. तुझी मी वेगळी करतो, जाड आणि हलकी. पण आता माती पाठवणार नाही, तुझ्यावर भरवसा उरला नाही. रविवारी सकाळच्या एसटीने येतो. अपेक्षासमोर माझ्या हातात हात दे, आणि मिटेल तेवढाच मिट.

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,
रावजी