साडेतीन हातांची ट्राम

मुक्काम सेलू,
श्रावण, शके १८७०

तीर्थरूप दिनकरमामांच्या चरणी बन्सीधरचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सुखरूप आहोत असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. खरे किती धरायचे ते पुढचे वाचून ठरवा. दिवसभर ट्रामवर उभे राहून तिकिटे फाडता, तेव्हा तुमच्या पायांची सूज उतरली का? मामींचा खोकला कसा आहे? तुमची बहीण, म्हणजे आमची आई, ठणठणीत आहे, आणि माझी निम्मी काळजी तीच आहे.

मागे तुम्ही विचारले होते की मी जिनिंगमधले काम सोडून आबासाहेबांच्या मोसंबीच्या बागेत काय करतो. मामा, मी ट्राम करतो. (शब्द पोस्टकार्डावरून उतरवला आहे, म्हणजे बरोबर असावा.) आबासाहेब मुंबईला मोतीबिंदू काढायला गेले होते. डोळ्यांची पट्टी सुटल्यावर त्यांना पहिली दिसली ती रस्त्यावरून जाणारी ट्राम. माणसाला काहीही आधी दिसू शकते, पण त्यांना ट्राम दिसली, आणि माझे नशीब तिथे फिरले. परत आले ते ट्रामचे चित्र असलेले पोस्टकार्ड घेऊनच. बागेच्या फाटकापासून विहिरीपर्यंत रूळ टाकायचे आणि त्यावर साडेतीन हात लांबीची ट्राम चालवायची. खेळणे नको, हुबेहूब पाहिजे, असे त्यांनी मला बजावले. मी ट्राम कधी पाहिलेली नाही. पोस्टकार्डावर तिची एकच बाजू आहे. दुसरी बाजू तशीच असेल असे धरून मी दोन्ही सारख्या केल्या, पण तेव्हापासून मला नीट झोप नाही.

तरी काम मन लावून केले. सांगाडा जुन्या दाराच्या सागवानाचा, चाके जिनिंगमधल्या मोडक्या कप्प्या घासून केलेली, खिडक्यांच्या काचा देवांच्या तसबिरींच्या (देव आता नुसत्या कागदावर आहेत, त्यांची क्षमा मागितली आहे), घंटा बैलाच्या गळ्यातली. बाकांच्या पाठी पुढे-मागे उलटतात, कारण तशा उलटतात असे आबासाहेब शपथेवर सांगत. छतावरचा दांडाही आहे, पण तो नुसता शोभेचा, कारण बागेत वीज कुठून आणायची? मग मला मोट सुचली. ट्रामचा दोर विहिरीवरच्या कप्पीवरून नेऊन पलीकडे मोटेच्या बैलांना बांधायचा. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, खाली निघाले की ट्राम फाटकापासून विहिरीकडे येणार. बैल मागे सरले की ट्राम दोघांनी ढकलत परत न्यायची. मी रूळ मोजले, दोर मोजला, चाकांमधले अंतर सुताने पुन्हा पुन्हा मोजले. धाव मोजली नाही. बैलांना ट्रामचा थांबा काय कळणार, ते धाव संपते तिथेच थांबतात, आणि धाव रुळांपेक्षा लांब निघाली. पहिल्या फेरीला ट्राम घंटा वाजवत आली, आबासाहेबांनी टाळी वाजवली, आणि ती घंटा वाजवतच विहिरीत गेली. आबासाहेबांनी काठावरून आत डोकावून बघितले. मग म्हणाले, "बन्सी, मुंबईची ट्राम एवढी तहानेली न्हाई रे." रागावले असते तर बरे झाले असते.

ट्राम वर काढली, वाळवली, पुन्हा जोडली. दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी आबासाहेब गेले.

खरी आफत दहाव्याची. नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, पण झाडावर बसून आमच्याकडे बघत होते. आबासाहेबांचा मुलगा दत्तराव हात जोडून म्हणाला, बाग विकणार नाही. कावळा हलेना. आईला अंतर देणार नाही. हलेना. ऊन चढले. आमचा शेजारी रायभान गाडीवाला मागून पुटपुटला, "आरं, म्हाताऱ्याला बागंचं काय पडलंय?" तेव्हा कस्तुराबाई, म्हणजे आबासाहेबांच्या पत्नी, पदर सावरून म्हणाल्या, "ट्रामगाडीचं बोला की कुणीतरी." सगळ्यांनी मला पुढे ढकलले. मी सगळ्यांदेखत म्हणालो, आबासाहेब, ट्राम मी चालवून दाखवीन. शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच कावळा खाली उतरला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. माझा अडकला तो अजून अडकलेला आहे.

त्यानंतरचे दिवस तुम्ही वर्तमानपत्रात वाचत असाल. संस्थानातल्या टोळ्या आजूबाजूची गावे जाळायल्यात, आणि आमच्या आळीत संध्याकाळी दिवा लागणारी घरे फार थोडी उरली आहेत. दत्तराव कस्तुराबाईंना घेऊन वऱ्हाडात गेला, बैलही घेऊन गेला. मी आईला म्हणालो, आपणही मामांकडे जाऊ. तर म्हणते, "कावळ्यानं ऐकलंय, बन्सी. मेल्या माणसाला दिलेला शब्द उंबऱ्यात टाकून मी न्हाई यायची." तेव्हा रूळ आहेत, ट्राम आहे, शब्द आहे, बैल तेवढे नाहीत. उरलेल्यांपैकी कुणी आपले बैल ट्रामसाठी देईना, आणि मला त्यांचा राग येत नाही. रोज सकाळी मी ट्रामवरची धूळ पुसतो आणि रस्त्याकडे बघतो. कुणी आले तर ट्रामजवळ सापडायचे की घरात, याचाही विचार करून ठेवला आहे. अजून ठरलेले नाही.

मामींना नमस्कार.

आपला आज्ञांकित भाचा,
बन्सीधर

ता. क. पत्र लिहायचे खरे कारण राहिलेच. आईला तुमच्या हातचे एवढेच लिहून पाठवा की मुंबईतसुद्धा ट्राम पुष्कळदा जागेवर उभीच असते, आणि उभी ट्रामही ट्रामच धरतात. तुम्ही ट्रामवरचे माणूस, तुमचे ती ऐकेल. रायभान उद्या निघायलाय, त्याच्याच हाती हे पत्र देतो.

ता. क. दुसरा. लिहू नका. काल संध्याकाळी मी बागेत गेलो तर आई धावेवर उभी होती, दोर खांद्यावर घेऊन. म्हणाली, "ढकल मागून." मी नको म्हणालो, तर म्हणाली, "लय मोजलंस तू. आता ढकल." ती वाकून धाव उतरली, ट्राम घंटा वाजवत विहिरीपर्यंत आली, आणि आई वेळेवर थांबली. बैलांना जमले नव्हते ते तिला जमले. खांदा सोलून निघाला आहे. कावळा कुठे दिसला नाही. आई म्हणाली, बघितलं असेल त्यानं. आम्ही रायभानच्या गाडीतूनच निघतो.

ता. क. तिसरा, शिसपेन्सिलीने. ट्राम मागे ठेवू म्हणालो, तर आई म्हणाली, "माझ्या खांद्यानं ओढली, ती जाळायला ठेवू व्हय?" आगगाडीत ट्रामवर गोधडी घातली. साडेतीन हातांचे काही झाकून ठेवले की लोक आपोआप बाजूला सरतात. संस्थानच्या हद्दीवर तपासणीवाल्याने विचारले, कोण आहे? आई म्हणाली, "घरातलंच हाय," आणि खरोखर रडायला लागली. त्याने टोपी काढली. गोधडी उचलली नाही.

तेव्हा हे पत्र मीच तुमच्या हाती दिले आहे. वाचून होईपर्यंत मी जिन्यात उभा आहे. आई खाली फुटपाथवर ट्रामला टेकून बसली आहे, आणि तुमच्या खऱ्या ट्रामा तिच्या शेजारून जातात. मी नीट बघून घेतले, दुसरी बाजू तशीच असते. आता एवढेच सांगा, तुमची खोली किती हात आहे?