पायाखालचा खोका

३ मार्च

ती. बाबा,
सा. न. वि. वि. आईला वेगळं पत्र नाही, हेच वाचून दाखवा. रडगाणं आहे, तेव्हा तिचे गिऱ्हाइकांचे कपडे बेतून झाल्यावर.

विमा कंपनीच्या ऑफिसची आखणी मला मिळाली तेव्हा तुम्ही गल्लीभर सांगत सुटला होतात. आता पुढचं ऐका. दोनशे जणी दिवसभर फोन आणि कॉम्प्युटरसमोर बसतात. त्यांना बरं वाटेल अशी जागा करायची, एवढंच काम. मी जीव ओतला हो! खिडक्यांचा उजेड साहेबांच्या केबिनऐवजी कामाच्या टेबलांना दिला, आवाज शोषणारं छत केलं, पाठीला टेकू देणाऱ्या खुर्च्या आणल्या. आधी नमुन्याला बारा टेबलांची एक ओळ करून दिली. पंधरा दिवसांत नऊ जणी परत जुन्या जागी जाऊन बसल्या! विचारलं तर छान आहे म्हणतात, हसतात आणि उठून जातात.

मोठे साहेब म्हणाले, यांना चांगलं काही मानवतच नाही. शुक्रवारी, एकवीस तारखेला काय ते ठरवणार. नाही तर जुनंच रंगवून घेणार. माझं स्वतःचं पहिलं काम, बाबा. हे गेलं की पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली नकाशे गिरवत बसायचं. पण मी सोडणार नाही. फक्त चुकलं कुठं तेवढं कळू दे.

लोभ आहेच, या रडगाण्याने तो आटू देऊ नका.
तुमची ठमी

७ मार्च

चि. ठमाबाईस,
अनेक आशीर्वाद. पत्र आईला वाचून दाखवलं. कात्री न थांबवता ती म्हणाली की पोरगी वेळेवर जेवते का ते आधी विचारा. तर, जेवतेस का?

आता माझं. चाळीस वर्षं सुतारकाम करतोय, पण गिऱ्हाइकाला बसवून माप घेतल्याशिवाय मी फळीला करवत लावत नाही. तू काय केलंस? मापं आणि फोटो नीट यावेत म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांना टेबलाखालचा, आजूबाजूचा पसारा काढून टाकायला लावलास. फोनवर कौतुकानं सांगितलंस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. अगं शहाणे, तुला हवी होती ती मापं त्या पसाऱ्यातच होती!

आता कुणाला न सांगता जा. जुन्या टेबलावर सकाळपासून सुटेपर्यंत बस. वही काढू नकोस, शहाणपण शिकवू नकोस. आणि मुळूमुळू रडायचं नाही.

आईचे आणि माझे डोळे टपालाकडे लागलेत, हे ध्यानात असू दे.
तुझा बाबा

२२ मार्च

ती. बाबा,
वाकून नमस्कार. वाकताना कंबर कुरकुरते, कारण एक सोडून तीन दिवस बसले.

तुमचं खरं होतं. प्रत्येकीच्या पायाखाली काही ना काही आहे: फायलींचा गठ्ठा, उलटी बादली, कागदाचं खोकं. एसीच्या तोंडाला पुठ्ठा, मानेवर गार वारा येऊ नये म्हणून. कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलेला छोटा आरसा, मागून साहेब आले तर दिसावेत म्हणून. हे सगळं मीच काढायला लावलं होतं. माझी टेबलं उंच पुरुषाच्या मापाची, पाय अधांतरी. आणि पाठ येण्याजाण्याच्या वाटेकडे. शेजारच्या बाई, सगळ्या त्यांना मास्तरीणबाई म्हणतात, म्हणाल्या की मी इतक्या हौसेनं दाखवत होते, त्यांना मन मोडवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी मी नकाशे नेलेच नाहीत. साहेबांना विनंती केली की तासभर नव्या टेबलावर बसून आपलं काम करा. साहेब बुटके आहेत. विसाव्या मिनिटाला त्यांनी शेजारचा फायलींचा गठ्ठा पायानं हळूच ओढून घेतला! मास्तरीणबाईंनी ओठ दाबून धरले, मीही. आता ठरलं ते असं: खालीवर होणारी टेबलं, पाय टेकायला जागा आणि पाठीशी भिंत. खिडक्या मात्र त्यांना केबिनलाच हव्या होत्या. मी सांगितलं, खिडक्या गेल्या तर मीही जाते. कुरकुरत का होईना, सही केली.

एक विचारते, रागावू नका. लग्नाच्या वर्षी तुम्ही आईला कपडे बेतायचं टेबल करून दिलंत. ती कायम खोक्यावर उभी राहून बेतते. तिचं माप घेतलं होतंत का?

कमी-जास्त बोलले असेन तर पोटात घाला.
तुमची ठमी

२७ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद. तुझं काम पक्कं झाल्याचं गल्लीला कळवून झालं. पत्र आईला वाचून दाखवलं, पण शेवटचा भाग गाळला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

माप घेतलं नव्हतं. माझ्या कमरेला आलं तसं केलं. तिला उंच पडलं, तर टेबल कापायचं सोडून मी जेमतेम पाय मावतील असा खोका केला, त्यावरून न हलता ती हात ताणून बेतायची; मी मात्र वर पॉलिश मारलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत आलो. एकतीस वर्षं!

काल तिला भिंतीशी उभी केली. सगळ्या गल्लीची मापं घेणारी बाई, पण मी टेप लावला तर लाजली. टेबलाचे चारही पाय चार-चार बोटं कापले, खोका बाजूला सारला. ती जमिनीवर उभी राहिली आणि एक अख्खा शर्ट बेतला, मान वर न करता. मग कात्री खाली ठेवून एवढंच म्हणाली की म्हणजे खांदे दुखायचे ते वयामुळे नव्हतं.

तुला म्हणून लिहितोय.

लोभ तर आहेच, पण यापुढे मलाही असंच विचारत जा.
तुझा बाबा