घटपर्णीचा चातुर्मास

देवास,
आश्विन वद्य तृतीया

तीर्थरूप उमादादास,

धाकट्या शरदचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. टेकडीवरच्या दोन्ही माताजींच्या कृपेनं इकडे माई, नीतू, कृतिका आणि मी ठीक आहोत. तुझी प्रकृती मात्र श्रावणापासून बरी नव्हती. अंगावर तपकिरी डाग, तोंडाला पांढरी बुरशी, आणि दोन पानं तर मला कात्रीनं कापावी लागली. (घाबरू नकोस. नाशिकचा तू ठणठणीत असशीलच. मी इकडच्या तुझ्याबद्दल लिहितोय.)

माईच्या ब्याऐंशीव्या वाढदिवसाला तुला येता आलं नाही, म्हणून तू खोक्यात घालून ती घटपर्णी पाठवलीस आणि फोनवर म्हणालास, "माई, माझ्याऐवजी हिला ठेवून घे." तू जीवशास्त्राचा निवृत्त मास्तर, बोलण्याच्या भरात बोलून गेलास. माईनं ते मनावर घेतलं. तेव्हापासून गॅलरीत टांगलेल्या त्या झाडाचं नाव उमा. सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न, "उमा कसा आहे?" पान पिवळं पडलं की मी तुला फोन लावायचा. तू म्हणतोस, मजेत आहे. ती फोन ठेवते आणि मला म्हणते, "लपवतोय." तेव्हा हे झाड वाचवणं मला का भाग होतं ते तुझ्या लक्षात येईल. ते वाळलं असतं तर माईची समजूत मी कशी घातली असती?

उपचार मी माझ्या बुद्धीप्रमाणे केले. तू लिहून दिलं होतंस की फक्त पावसाचं पाणी घालावं. मी नेमावरहून आणलेलं नर्मदेचं घातलं. (नर्मदामाईतही शेवटी पावसाचंच पाणी येतं, असा माझा विचार. झाडाला तो पटला नाही, डाग वाढले.) मग हळद लावली. शेजारच्या भवानीबाईंनी कठड्यावरून विचारलं, "भिया, हल्दी किसकी लगी है?" मग बायपासवरच्या नर्सरीवाल्यानं पान उलटंसुलटं करून बुरशीच ठरवली, म्हणाला, "फफूंद है भिया, दालचीनी भुरको." नीतूचा दालचिनीचा डबा रिकामा झाला. आठवडाभर घरात पुलावाचा वास होता, पुलाव मात्र नव्हता. शेवटी कात्री स्पिरिटनं पुसून दोन पानं कापली. कापण्याआधी मी झाडाला हात जोडले. कृतिकानं त्याचा व्हिडिओ काढून इंदूरच्या सगळ्या मैत्रिणींना पाठवला. "बाबा, ऑपरेशनच्या आधी पेशंट हात जोडतो, डॉक्टर नाही," असं म्हणत होती.

पानांवरचे डाग थांबले, पण पानांच्या टोकांना लटकणाऱ्या सुरयांच्या तोंडाशी कापसासारखी बुरशी दर आठवड्याला नव्यानं यायची. मी पुसायचो, ती यायची.

पानं कापताना मला आपल्या नालछा गावची शाळा आठवली. गुरुजींनी फळ्यावर खडूनं घटपर्णी काढली होती, झाकणासकट, आणि आत बुडणारी एक माशी. शाळा सुटल्यावर तू मला सांगितलंस की ही झाडं मांडूच्या रस्त्याला खूप आहेत, आणि दूध न पिणारी मुलं गिळतात. मी दुसरीत होतो. खिशातली मांडूची इमली, म्हणजे गोरखचिंच, चोखायचीही विसरलो आणि घरापर्यंत तुझं बोट सोडलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी नानांची पूजा झाली की पंचामृताच्या रांगेत मी तुझ्याही पुढे उभा असायचो. आठवतं? माईच्या हातात नानांची तांब्याची पळी. "आ कर," म्हणायची. आपण चिमणीच्या पिल्लांसारखी तोंडं वर करायचो. एक पळी तुला, एक मला, आणि उरलेलं पुन्हा मला, कारण मी लहान. (त्यावरून तू वाटेत मला चिमटे काढायचास. एक खूण अजून आहे, नीतूला ती देवीची वाटते.)

आता माईची पळी कोणी घेत नाही. मला साखरेचा आजार. नीतूला दूध पचत नाही. कृतिका म्हणते, "आजी, मेरा डाएट चालू आहे ना!" माई पळी परत वाटीत ठेवते. मला वाटायचं, उरलेलं पंचामृत तीच घेत असेल.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी मी टेकडीवरून जरा लवकर उतरलो. पाहतो तर माई गॅलरीत स्टुलाला धरून उभी. डाव्या हातानं एकेका सुरईचं झाकण वर करायची आणि उजव्या हातानं पळी ओतायची. "आ कर, उमा," म्हणत होती. "या घरात तू एकटाच नको म्हणत नाहीस."

दादा, मी चपला हातात घेऊन तसाच उभा राहिलो. दूध, दही, तूप, मध, साखर. बुरशीला आणखी काय हवं? मी इतके दिवस हळद-दालचिनी भुरभुरत होतो आणि ती रोज सकाळी जेवत होती. आज माईला स्पष्ट सांगायचंच, असं ठरवून मी पुढे झालो, बोलायला तोंड उघडलं, आणि माईनं वळून पळी माझ्या तोंडात रिकामी केली.

तोंडात नालछा होतं.

शेवटी गिळून म्हणालो, "माई, झाडाला आता देऊ नकोस. त्याचा चातुर्मास आहे." ती म्हणाली, "मधेच कसा धरला?" मी म्हणालो, "नाशिकहून आलंय, पंचांग उशिरा मिळालं." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्या दिवसापासून पळी मी घेतो आणि टेकडी दोनदा चढतो. झाडाला पाणी पावसाचं. बुरशी गेली.

वहिनींना नमस्कार. तेवढं बुरशीवरच्या एखाद्या चांगल्या औषधाचं नाव आणि प्रमाण कळव, त्यासाठीच हे पत्र.

तुझा,
शरद

ता. क. औषध नको. कालच नवीन सुरई आली आहे, अंगठ्याएवढी.

ता. क. २ : खरं कारण लिहितो. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो. द्वादशीला उमाचं पारणं करायचं म्हणून माईनं गवळ्याला दोन लिटर दूध सांगून ठेवलंय. दोन लिटर! हे खोटं मला त्यापुढे नेता येणार नाही. एकादशीच्या रात्रीपर्यंत तू ये. रोप पाठवू नकोस.

ता. क. ३ : पाकीट चिकटवताना माईनं, काय लिहिलंस वाच, म्हटलं. चातुर्मासाचा भाग मी गाळला. ती म्हणाली, "गाळलंस तेही वाच." वाचलं. ती म्हणाली, "शहाण्या, झाडाला चातुर्मास असतो होय? पण तू रोज तोंड उघडायला लागलास, मग मी कशाला बोलू? उमाला लिही, दूध झाडासाठी नाही सांगितलेलं."