राखणदाराची वाटी

नवघर, भाईंदर (पूर्व)
५ जुलै २००४

ती. सौ. आशाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईला गावाहून इथे आणून तीन महिने झाले. आपल्या वाडीच्या राखणदाराचा नारळ तिने टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात मांडलाय. दिवसभर त्याच्याशी बोलते, आणि तो उत्तर देतो म्हणते! शेजारच्या हंसाबेन आता मुलाच्या व्हिसाचं तिच्याकरवी त्याला विचारायला येतात, म्हणजे बघ. डॉक्टर म्हणाले, नमस्कार करणं आजार नव्हे, रोज उत्तर ऐकू येणं हा आजार. महिन्यात फरक पडला नाही तर दाखल करावं लागेल. गोळ्या ती थुंकून टाकते, म्हणून संध्याकाळच्या दुधात कुटून घालतोय. रागावू नकोस.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
गुणवंत

राजापूर
१४ जुलै

चि. गुणवंतास,
अ. उ. आ.

रागावू नको तर काय आरती ओवाळू? आपल्या वाडीत राखणदाराला विचारल्याशिवाय कोणी विहीर खणत नाही. मग अख्खी वाडीच दाखल कर! बाबा गेल्यावर आईशी बोलायला दुसरं होतं कोण? तिला फसवून औषध देऊ नकोस, जिवाला लागतं माझ्या.

रागावले तरी माया आहे.
आशाताई

नवघर
३० जुलै

ती. ताईस, सा. न.

औषध लागू पडलं! राखणदार आठ दिवस गप्प आहे, आईच म्हणाली. दाखल करायचं टळलं. ती मात्र कोपऱ्याकडे तोंड करून बसते, धड जेवत नाही. घर इतकं शांत झालंय की मलाच कसंतरी होतं.

तुझा,
गुणवंत

राजापूर
९ ऑगस्ट

चि. गुणवंतास, अ. आ.

आईचं कार्ड आलं. दुधाला वास येतो म्हणून पहिल्या दिवसापासून ती ते पीत नाही. ओतून टाकवत नाही, तेव्हा वाटीत घालून नैवेद्य म्हणून नारळापुढे ठेवते. सकाळी वाटी रिकामी असते. गुणवंत, तिने एक थेंबही घेतलेला नाही. मांजर म्हणावं, तर तुमच्या खिडक्यांना जाळी आहे. मग तुझं औषध लागू पडलं कोणाला? मला भीती वाटते. ताबडतोब बंद कर.

जपून राहा.
ताई

नवघर
१६ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. नुसतं दूध आता मीच ठेवतो. आई जेवू लागली, पण तिला अजून काही ऐकू येत नाही.

काल रविवारी दुपारी ती हंसाबेनकडे गेली होती. मी एकटाच पेपर वाचत होतो. कोपऱ्यातून माझ्या नावाने हाक आली. महिनाअखेरीस डॉक्टरांकडे जायचंय. आईचं सांगू की माझं, तूच कळव. माझ्यावरचा लोभ सोडू नकोस.

ताई, मी ओ दिली.

गुणवंत