यजमान मी आहे, बाबा नव्हेत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
एम्थोम्बेनी, क्वाझुलु-नाताल

विषय : माझ्याऐवजी वडिलांचे रक्त तपासून माझ्या गोळ्या बंद केल्याबाबत.
संदर्भ : दवाखान्याचे पत्र, दि. ७ ऑगस्ट २०२३.

महोदय,

विषाणू माझ्या अंगात झोपतो, तेव्हा घर कुणाचे धरायचे, त्याचे की माझे? दवाखान्यात शनिवारी आम्हा गोळ्या घेणाऱ्या मुलींचा गट भरतो, तिथे मी हे विचारले, कारण "हिंमत असेल तर विचार" म्हणून चौघी मागे लागल्या होत्या. संशोधक डॉ. न्त्शांगासे हसल्या नाहीत. एचआयव्ही आपल्याच पेशींत दडून राहतो. त्याला निजवणारी आणि उठवणारी काही जनुकेही आपलीच असतात. ती कोणती हे शोधायला रक्त हवे आहे, असे त्यांनी सांगितले. "घर तुझं. यजमान तू," म्हणाल्या. पंधरा वर्षांत हे मला कुणी सांगितले नव्हते. मी तिथल्या तिथे नाव दिले.

१. संमतिपत्राच्या झुलू प्रतीत "यजमानाचे रक्त, दोन नळ्या" असे छापले आहे. दवाखान्याच्या खिडकीवरील कारकून श्री. मावुंदला यांनी ते वाचून मला परत पाठवले. "यजमान म्हणजे घरचा कर्ता पुरुष, पोरी. बापाला घेऊन ये." बाबा साखर कारखान्यातली पाळी बुडवून, लग्नातला कोट घालून आले आणि माझ्या नावाच्या दोन नळ्या भरून देऊन गेले. विषाणू माझ्या अंगात आहे, असे मी तीनदा सांगितले. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, असे मला ऐकवण्यात आले.

२. बाबांना हा विषाणू नाही. मला तो जन्मतः आईकडून आला. त्यामुळे माझ्या नावावर "विषाणू आढळला नाही" अशी नोंद झाली आणि संदर्भीय पत्राने माझे अभिनंदन करून गोळ्या थांबवल्या.

३. श्री. मावुंदला म्हणतात, "कागदावर तू बरी आहेस. बऱ्या माणसाला गोळ्या दिल्या तर माझी नोकरी जाईल." फेरतपासणी मागितली, तर तीही यजमानाचीच होईल म्हणे.

४. माझ्याकडे नऊ गोळ्या उरल्या आहेत. आई तिच्यातल्या देऊ करते. वाटून खाल्ल्या तर दोघींचाही विषाणू उठेल. मग त्याला निजवायला आपण येणार आहात का?

तरी माझ्या, म्हणजे माझ्याच दंडातले रक्त घेऊन सोमवारपर्यंत गोळ्या सुरू कराव्यात, आणि तो छापील शब्द बदलावा. दुसरा सुचत नसेल तर "जिच्या अंगात आहे ती" असे छापा, सगळ्यांना कळेल.

आपल्यावर भयंकर रागावलेली, तरीही नम्र,
सिनेलिझ्वी म्थियाने, इयत्ता दहावी
दि. १७ ऑगस्ट २०२३

सोबत : अभिनंदनाचे पत्र; गोळ्यांच्या डबीचा फोटो.

प्रत : आई आणि बाबा, जेवणाच्या टेबलावर.
दवाखान्याबाहेर आजवर हे आपण तिघांतच ठेवलं. सोमवारी गोळ्या मिळाल्या नाहीत, तर मी शाळेच्या गणवेशात त्या खिडकीसमोर बसणार आहे, आणि जो विचारेल त्याला मला काय झालंय ते सांगणार आहे. आई, त्यात तुझंही नाव निघेल, म्हणून आधी तुला सांगते. परवानगी मागत नाहीये.