रिकामी पाटी

आये, आज माझ्या दवाखान्यात घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसातली बाई आली होती. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "माझी पाठ खरंच दुखते हो. घरात कुणाला पटत नाही." तिला मी काय सांगितलं ते राहू दे. ती गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि तुला लिहायला बसले.

मी दहावीत होते तेव्हा कोलशेतच्या खाडीवर, शेवाळलेल्या पायरीवरून तू भरल्या पाटीसकट घसरलीस. कोळंबी चिखलात आणि तू तिच्यावर. कमरेचं हाड काही महिन्यांत जुळलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, "आता काही नाही." पण तुझं दुखणं चार वर्षं गेलं नाही. बाबांच्या जाळ्यात काही लागलं नाही, की त्या दिवशी ते वाढायचं. तू पट्टा बांधून पडून राहायचीस आणि ठाण्याच्या बाजारातली तुझी जागा मावशी सांभाळायची. आणखी किती दिवस सांभाळणार, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

मग शेजारची हळद आली. तू खुर्चीत बसलेली. गाणं सुरू होतं, तू टाळ्या वाजवतेस, आणि एकदम पदर खोचून उठतेस. दोन गाणी नाचलीस तू! दुसऱ्या दिवशी तुला अंथरुणातून उठवेना. मी मावशीसमोर म्हणाले, "काल नाचताना बरं दुखलं नाही? सगळं नाटक!" तू म्हणालीस, "नाटक येत असतं तं मासली कशाला इकली असती गो?" मावशी हसली. तू भिंतीकडे तोंड केलंस.

पुढे मी फिजिओथेरपीला गेले. दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडम वर्गात म्हणाल्या, "जखम भरते, पण नसा कधीकधी पहारा सोडत नाहीत. जरा हललं की मेंदूला धोक्याचा निरोप जातो. काळजी, भीती, जागरण यांनी पहारा कडक होतो. माणूस आनंदात असला, की सैल पडतो. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही." माझे कान तापले. घरी येऊन चप्पल न काढताच मी म्हटलं, "आये, तुझं दुखणं खरं होतं. माझं चुकलं." तू भाकरी थापत होतीस. "मना ठावं हाय. तुला आज कललं?" म्हणालीस, आणि तव्यावरची भाकरी उलटलीस.

मग मी मॅडमना विचारून तुला थोडं थोडं हलवायला लागले. आधी नुसता श्वास, मग अंगणात दहा पावलं, मग डोक्यावर रिकामी पाटी घेऊन देवळापर्यंत. "रिकामी पाटी घेऊन गावातून जाऊ? लोक हसतील!" म्हणून तू तिच्यावर फडकं टाकलंस. वाटेत कुणीतरी विचारलं, "काय आणलंस गो?" तू म्हणालीस, "हवा. ताजी हाय, घे." थोडं दुखलं तरी घाबरायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून दुप्पट चालायचं नाही, एवढंच आपलं ठरलेलं. दुसऱ्या अटीवरून तू माझ्याशी रोज भांडायचीस. पाटीत आधी बटाटे आले, मग बोय मासे. सहा-सात महिने गेले. वाईट दिवसही आले, पण तू पट्टा शोधायची विसरायला लागलीस.

हे पत्र टपालात टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. तू पहिल्यांदा अर्धी पाटी घेऊन बाजाराच्या टेम्पोत बसलीस, तेव्हा "मला लेक्चर आहे" म्हणून मी निघाले होते. लेक्चर नव्हतं. मी मागच्या बसने बाजारात आले आणि कांदेवाल्याच्या गोणींआड उभी राहिले. पडलीस तर धरायला. एका गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला, तशी तू कंबर वळवून, हात नाचवून, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं त्याला सुनावलंस. मी तोंडावर ओढणी धरून हसत होते आणि रडत होते. कांदेवाल्याने विचारलं, "ताई, कांदा झोंबला काय?"

संध्याकाळी तू विचारलंस, "आज काय शिकवलं गो?" मी म्हटलं, "गुडघा."